मयतीच्या घरी आलेलं पातेलं

चामोर्शी

प्रिय गुलाबभाऊ,

नाहीदचे अब्बा गेल्यापासून आम्हा मायलेकींचं बोलणं फार कमी झालं आहे. मी आधीही बोलकी नव्हते, तुम्हाला माहीत आहे. समोर सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या जवानांच्या कॅम्पचा कचरा ते निवडायचे. डबे, खोकी, बाटल्या भंगारात, ओला कचरा खताच्या खड्ड्यात. मेसच्या दारात उष्ट्यासाठी आरपार दिसणारा टब त्यांनीच ठेवायला लावला. भात रांधता रांधता तुम्ही चिडवलं होतं, "मुश्ताकभाई, उष्ट्याची प्रदर्शनी लावून राह्यले काय?" ते म्हणाले, "टाकते त्यानं पाहावं, बस." हळूहळू जवान ताटात मोजकं घेऊ लागले, तुम्ही तांदूळ कमी भिजवू लागलात. घरी जेवताना ते हे कौतुकानं सांगायचे.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पुलावाचं पातेलं घेऊन आलात. आमच्यात मयतीच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, हे तुमच्या लक्षात होतं. डोळे पुसत दारातूनच परत गेलात. झाकण काढलं तर आत मटण. कॅम्पचं मटण हलाल असेल का, कोणत्या भांड्यात शिजलं असेल, मला कळेना. नाहीद म्हणाली, "अम्मी, फोन करून विचार ना त्याइले." मला संकोच वाटला. बायका आत कुराण वाचत होत्या, तेवढ्यात मी सगळा पुलाव परसातल्या खड्ड्यात ओतला आणि वर माती ओढली. मातीतून वाफ येत होती.

पातेलं न्यायला आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, मटण रईसभाईच्या दुकानातून आणलं होतं. कॅम्पचं भांडं लावलं नाई, पातेलं नवंच घेतलं. जेवले ना सगळे?" मी म्हटलं, "पोटभर."

काल तुमचा निरोप मिळाला. त्यांचं काम मला मिळावं म्हणून तुम्ही साहेबांना सांगितलंत की या घरात अन्नाचा कण वाया जात नाही. मला कामाची गरज आहे, नाहीदचं कॉलेज अजून व्हायचं आहे. पण तुमच्या त्या शब्दावर मी गुपचूप कामाला लागू शकत नाही. सोमवारी सकाळी मी कॅम्पच्या गेटशी येईन. हे वाचूनही तुम्ही मला घ्यायला आलात, तर आत येईन. नाही आलात, तर परत फिरेन. राग धरणार नाही.

तुमचीच बहीण,
शकिला