तेरवीच्या आधी

राजापेठ, अमरावती
९ फेब्रुवारी २०२५

चि. कुलदीप यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं कुरिअर मंगळवारी मिळालं. जवसाची चटणी पोचली आणि अर्धी संपलीही, माधवीला सांग. आचलची बारावी परवापासून ना? तिला म्हणावं, पेपर हातात आला की आधी पूर्ण वाच. तीस वर्षं शाळेत हेच सांगत आले, एकानं ऐकलं असेल तर शपथ. माझी तब्येत ठीक. गुडघा दुखतो, पण तो नोकरीत होते तेव्हापासून दुखतो.

चटणीसोबतचा कागद पाच दिवस टेबलावर पडून आहे. फोनवर तू म्हणालास, "ताई, बाबांचे हाल पायले ना आपण, म्हणून मीबी तसा कागद करून राहिलो. मशीन लावाचं का नाई, नळी घालाची का नाई, आपल्याले बोलता आलं नाई तर डॉक्टरले कोन सांगन? तिथं तुह्यंच नाव टाकलं." मी बरं म्हणाले आणि आचलचा विषय काढला. शुक्रवारी अकोल्याला तुझे वकील नोटरी करणार, त्याआधी माझी सही हवी. बावन्न वर्षांच्या धडधाकट माणसानं असा कागद करणं शहाणपणाचंच आहे. नावात मात्र तू चूक केलीस.

फोनवर हे सांगायला बसले असते तर तू मध्येच बोलला असतास आणि मी तेवढ्यावर थांबले असते. म्हणून पत्र.

तुला ठाऊक असलेलंच आधी लिहिते, म्हणजे मला पुढे सरकता येईल. आई गेल्यावर बाबा मूर्तिजापूरचं घर बंद करून माझ्याकडे आले आणि वर्षभरात त्यांनी मृत्युपत्र केलं. तू गावभर सांगितलंस, ताईनं बाबांना अमरावतीला नेऊन सह्या घेतल्या. मग तीन वर्षं आपण बोललो नाही. बाबांनी पाकिटावर स्वतःच्या अक्षरात 'मृत्युपत्र' लिहिलं, सील केलं, कपाटात ठेवलं. आत काय आहे हे मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. जन्मभर तलाठी होते, वाटण्यांवरून घरं फुटताना त्यांनी पाहिली होती. गावात कुणी मेलं की हेच सांगत, "तेरवी झाल्याबिगर कागद काढू नोका. घरात आग लागते." त्यांचा हा नियम आपल्या घरात देवाच्या दिव्यासारखा पाळला जायचा.

चार नोव्हेंबरला त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, मशीन लागलं, पुढे घशाला छिद्र पाडून नळी बसवली. तू अकोल्याहून आलास आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन वर्षांतलं पहिलं वाक्य बोललास. "ते पाकीट कोनी फोडाचं नाई. तेरवी झाल्यावर, चार लोकांत, माह्यासमोर." बाप आत जिवंत होता आणि आपण त्यांच्या तेरवीचं ठरवत होतो. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण नियम त्यांचाच होता.

डाव्या हातानं ते नळी ओढायचे, म्हणून तो हात पलंगाला बांधला. आठवतं, तरी बांधल्या हाताची बोटं ते किल्ली फिरवल्यासारखी करायचे? मग दोन बोटांनी काहीतरी फाडल्यासारखं? तू त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणालास, "बाबा, वावराचं टेन्शन नोका घेऊ. आमी दोघं भांडत नाई." त्यांनी डोळे मिटले आणि कानापर्यंत पाणी ओघळलं. आपल्याला वाटलं, जीव निवांत झाला. डॉक्टर म्हणायचे, त्यांना किती समजतं ते सांगता येत नाही. आपल्याला तरी कुठे समजत होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी ते सुटले. तेरवीला जेवणं उरकल्यावर पाकीट बैठकीत आणलं. तू ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलंस आणि सगळ्यांना म्हणालास, "सील जसंच्या तसं हाये." आत दोन कागद निघाले. पहिला घर-शेताच्या वाटणीचा, सरळ अर्धा-अर्धा. दुसरा नोटरी केलेला, मी बरा होणार नसेन तर मला मशीनवर ठेवू नका, नळीनं जगवू नका, निर्णय माझ्या मुलीनं घ्यावा. तोच कागद जिवंतपणी वाचायचा होता आणि बाबांनी सवयीनं तो मृत्युपत्राच्याच पाकिटात घातला होता. सुभद्राआत्या रडत म्हणाली, "हे आधी माईत असतं तर." सगळे तेच म्हणाले. मीही म्हणाले. तू माझ्या पायाशी बसलास, शंका घेतल्याबद्दल माफी मागितलीस, आणि तेव्हापासून रोज सकाळी तुझा फोन येतो.

कुलदीप, मला माहीत होतं.

एकवीस नोव्हेंबरला दुपारी दवाखान्यात बाबांचं आधार कार्ड मागितलं. ते काढायला कपाट उघडलं तर पाकीट वरच होतं. त्यांच्या बोटांची ती किल्ली डोळ्यांसमोर आली. केटलीच्या वाफेवर सील सोडवलं आणि दोन्ही कागद उभ्यानं वाचले. दुसऱ्या कागदात शेवटी एक ओळ आहे, तेरवीला तूच ती मोठ्यानं वाचलीस: 'रागिणी धीट आहे, ती रडेल पण करेल.' वाचून झाल्यावर मी डिंकानं पाकीट पुन्हा चिकटवलं. चांगलं चिकटवलं. तुला ओळखू आलं नाही.

दोन महिने मी स्वतःला सांगत होते की तुझ्या भीतीनं गप्प बसले. पाकीट फोडलं म्हणून तू म्हणशील, ताईनं वावरासाठी बापाला मारलं. तू तसं म्हणालाही असतास. पण ते खरं कारण नाही. तुझ्यावर ढकलायला सोपं पडत होतं, एवढंच.

खरं हे की तुझे भाऊजी गेल्यापासून या घरात मला 'आलीस का' म्हणणारे बाबाच होते. संध्याकाळी पाच ते सहा आत सोडायचे. तो एक तास मी त्यांचा हात धरून बसायची. तो तास मला सोडवला नाही. एका डॉक्टरांना ओळखीच्या बाईचं म्हणून विचारलं, असा कागद असला तर काय होतं? ते म्हणाले, डॉक्टरांच्या दोन समित्या बसतात, आठवडाभरात निर्णय होतो. आठवडा ऐकल्यावर मी दुसऱ्या दिवशीही कागद नेला नाही. तिसऱ्याही नाही.

याहून वाईट एक आहे, आणि ते लिहायलाच मी बसले आहे. वाचलं त्याच संध्याकाळी मी बाबांच्या कानाशी लागून सांगितलं, "बाबा, मले सापडला तो कागद." त्यांनी माझं बोट इतकं घट्ट दाबलं की अंगठी रुतली. त्या दिवसापासून त्यांनी नळी ओढणं सोडलं. सिस्टर म्हणाली, बघा, आता किती शांत झाले, आणि तिनं बांधलेला हात सोडला. तू फोन केलास तेव्हा मीच तुला म्हणाले होते, बाबा आता बरे आहेत. ते बरे नव्हते. मी करणार म्हणून ते थांबले होते.

रोज पाच वाजता मी आत गेले की ते दाराकडे बघत असायचे. माझ्या हातात कागद आहे का ते बघायचे. मी सफरचंदाचा रस, नॅपकिन, असलं काहीबाही घेऊन जायची. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दाराकडे बघणं बंद केलं. मग मी हात धरला तर सोडवून घेत नव्हते, पण धरतही नव्हते. शेवटचे आठ दिवस त्यांचं तोंड भिंतीकडेच होतं.

माफी मागत नाही. जे मागायचं ते त्यांच्याकडे, आणि ते आता होणार नाही. तुझा उद्यापासून फोन आला नाही तर मी समजेन. घरात आवाज नाही याची सवय मला करावी लागेल, ती मी करून घेईन.

तुझा कागद सही न करता सोबत परत पाठवते आहे. माझं नाव खोड, माधवीचं लिही. ती तुझ्याशी भांडते, तुझं ऐकत नाही, तुझ्याविना तिला करमतं असं तूच चिडून सांगतोस. तिलाच हे जमेल. एक प्रत तिच्या हातात दे, एक तुमच्या डॉक्टरांकडे, आणि आचललाही वाचून दाखव, ती आता लहान नाही.

बाबा तेवीस दिवस माझी वाट बघत होते. तुला मी वाट बघायला लावणार नाही.

तुझी,
रागिणी