मंगळावरची दुपार

गुरुवार, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताई,

पाया पडतो. आम्ही इकडे ठीक. हिचे गुडघे थंडीत कुरकुर करतात, पण कामावर जाते. भावजींचा खोकला थांबला का? भाचीची परीक्षा झाली असेल.

तीन वर्षं झाली, मी तुझ्याकडे आलो नाही. दर वेळी काम आहे म्हणून कळवलं. या वेळी काम खरंच मोठं होतं, तेव्हा आधी तेच सांगतो.

इथल्या विज्ञान केंद्रात एक नवं दालन होतंय. दुसऱ्या ग्रहांवर उभं राहिलं तर आकाश कसं दिसेल, ते भिंतींवर रंगवायचं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला मी, पण काम माझ्याकडेच आलं. तिथल्या खगोलाच्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. मी कामाआधी देवाचं नाव घेतो म्हणून सगळ्यांसारख्या त्याही मला बुवा म्हणतात.

त्या सांगत होत्या, बुधावर हवा जवळजवळ नाहीच, म्हणून भर दुपारीही आकाश काळं, आणि त्या काळ्यात आपल्यापेक्षा दुपटीतिपटीनं मोठा सूर्य. मंगळावर सूर्य लहान. दिवसा आकाश धुळीमुळे पिवळट-तांबूस, आणि सूर्य मावळायला लागला की त्याच्याभोवती फिकट निळं. म्हणजे आपल्या बरोबर उलट. मी म्हटलं, "बाई, देवानं तिथं रंगाचे डबे अदलाबदल केले की काय?" त्या म्हणाल्या, "विचारून सांगा, तुमची ओळख आहे."

मंगळाची संध्याकाळ रंगवताना फार दमलो. निळा चढेचना. डब्यावरचे नंबर मी वाचत नाही. वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे थेंब मनगटावर लावायचा आणि डोळ्यांनी ठरवायचं. निळा टाकत गेलो, टाकत गेलो. दुपार मात्र एका बैठकीत झाली, बाईंनी दिलेल्या फोटोकडे न बघता.

चार दिवसांनी बाई गावाहून परतल्या. दुपारची भिंत बघून खूश झाल्या. "बुवा, अगदी असंच! जमलं कसं?"

"त्यात काय? असं आकाश मी रोज बघतो."

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "रोज म्हणजे?"

"रोज. दोनेक वर्षं झाली. धूळ किती वाढलीय."

त्यांनी मला खिडकीशी नेलं. "आत्ता कसं दिसतंय?"

"तसंच. चादरीवर चहा सांडल्यासारखं."

"बुवा, काल पाऊस पडून गेलाय. आकाश निळंशार आहे." मग संध्याकाळच्या भिंतीकडे बघून हळूच म्हणाल्या, "आणि इथं तुम्ही नीळ सांडलीय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ताई. पिकून तपकिरी झालाय, त्यातून निळं पोचतच नाही. संध्याकाळची भिंत मी डब्यांचे नंबर वाचून पुन्हा रंगवली. लोक बघतात, बरी झाली म्हणतात. मला तिच्यातलं निळं दिसत नाही. सकाळी सूर्याला हात जोडतो तेव्हा वाटतं, कुठल्या परक्या जागी उभं राहून जोडतोय.

बुधवारी ऑपरेशन ठरलं होतं. झालं नाही. डॉक्टरीण बाईंच्या हाताखालची मुलगी फॉर्म भरत होती. रक्तदाब, साखर, सगळं विचारून झालं. मग तिनं मान वर न करता विचारलं, "डोळ्यातून पाणी, चिकटा येतो का? येत असेल तर लपवू नका हं काका. आठवडाभर थांबता येतं, पण तसंच केलं तर डोळा जाऊ शकतो."

मी उठलो आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. ही मागून आली, "अहो, एवढे काय घाबरता?" तिला काय सांगू? तिलाही माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या सकाळी तुझ्या पापण्या चिकटल्या होत्या. तू म्हणालीस, "डॉक्टरांना दाखवूया का रे?" मी ओल्या रुमालानं तुझा डोळा पुसला आणि म्हणालो, "गप्प बस. तारीख गेली तर मला परत रजा मिळायची नाही." डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि "नाही" म्हणालीस.

डोळा गेला. भावजी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "पथ्य पाळलं नसशील. चुलीपुढे बसली असशील, ओला हात लावला असशील." तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. मी शेजारी बसलो होतो. हातात कप होता. चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो.

त्यानंतर रोज देवापुढे कबूल केलं. त्याच्यापुढे कबूल करणं सोपं असतं, त्याला आधीच माहीत असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यापुढे तोंड उघडलं नाही. अजूनही भावजी तुला बोलतात, असं भाची फोनवर हिला सांगत होती. तुला रागाचं एक पत्रही मला लिहावंसं वाटलं नाही, याचाच जास्त शीण येतो.

ऑपरेशनला मी नाही म्हणालेलो नाही. पुढची तारीख घेतली आहे. माझे डोळे बरे होतील, डॉक्टरीण बाई म्हणतात, आकाश निळं दिसेल. ते आधी दिसावं आणि हे नंतर सांगावं, असं व्हायला नको म्हणून आज लिहायला बसलो.

माफी मागत नाही. तू लगेच देशील आणि पुन्हा गप्प बसशील. एवढंच कर. हे पत्र भाचीला भावजींसमोर मोठ्यानं वाचायला सांग. मध्ये थांबवू नकोस. त्यांना मला काही बोलायचं असेल तर मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. दाराशीच उभा राहीन. आत घ्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

ज्यानं तुला गप्प बसवलं, तो
तुझा धाकटा