आईने भरायचं पान

आये, तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आता तुझ्यासाठी कागद आलाय. ऑफिसात कुणाशी पटत नाही म्हणून मी पनवेलला एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्यांनी फॉर्म दिला. आपल्यात ऑटिझमची लक्षणं आहेत का, ते मोठ्या माणसाने आपलं आपणच तपासायचं. ढीगभर वाक्यं, प्रत्येकापुढे चार चौकोन. 'समोरच्याच्या मनातलं मला चटकन कळतं.' पूर्ण सहमत, थोडी सहमत, थोडी असहमत... शी! माणूस आहे की पापलेट, थोडं ताजं नि थोडं शिळं असायला? खुणा करून करून वीट आला. पण खरी शिसारी आली ती शेवटच्या पानाची. मी लहानपणी कशी होते, ते आईने भरायचं म्हणे.

तू काय भरणार, ते ठाऊक आहे मला. मी दहा वर्षांची, मच्छी मार्केटात तुझ्या पाटीमागे बसलेली. गिऱ्हाईक बाई विचारते, "ताजं आहे ना गं?" तू तोंड उघडायच्या आत मी सांगते, "नाय, कालचं हाय. बर्फात होतं." बाई उठून शेजारणीकडे जाते. तू सगळ्या मार्केटादेखत ओल्या हाताने माझ्या थोबाडीत देतेस. "खाल्ल्या घरचं वासं मोजतेस का गो? काळीज हाय का दगड?" शेजारणी खो खो हसतात. गालावरून मासळीचं पाणी ओघळतंय आणि मी विचारते, "पन कालचंच होतं ना?" मग दुसरी बसते. त्या हाताची मला अजून किळस येते. तुझीही येते, आणि हे लिहिताना लाज वाटत नाही.

'हिला माया नाय,' हे तू जन्मभर गावभर सांगितलंस. तू गेलीस तेव्हा मी रडले नाही. तुझं लुगडं नीट करत बसले, दुसरं काही सुचेना. तर मावशी बायकांना म्हणाली, "बघा, आई बोलायची तशीच निघाली." थू त्या बोलण्यावर.

समुपदेशक बाई म्हणाल्या, आई नसेल तर पान कोरं सोडा. रोडपालीच्या घरी टेबलाशी बसून मी सोडतच होते. पण त्यात एक प्रश्न होता: 'मुलीची आपल्यावर माया आहे, असं तुम्हाला वाटायचं का?' तुझ्या जागी मी 'हो, नेहमी'वर टीक केली. फॉर्म उद्या देईन, हे पत्र कुठे द्यायचं नाही. माझ्या सगळ्या उत्तरांत एकही खोटं नाही, आये. तुझ्या नावावरचं तेवढं एकच आहे.