आप्पांच्या डिस्कनं ओ दिली

७ मार्च २००४, दौंड
सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, जुना कॉम्प्युटर व्होल्टेजनं जळला. आज नवा जोडून दिला. पण त्यांचा बाहेरचा डिस्क ड्राइव्ह लावला की मशिन गप्प. तीनदा केलं. डिस्कवर सहा वर्षांचं टायपिंग. वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्त्या, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर असताना स्वतः केलेल्या. कागदावर काही नाही. आता हात कापतात, पुन्हा टाइप होणं नाही.
"गेलं का गं सुजाता?"
"नाही आप्पा." खात्री नव्हती.

८ मार्च, शिरूर
कंपनीत जेवणाच्या सुट्टीत त्या ड्राइव्हच्या ड्रायव्हरचा, म्हणजे मशिनला तो ड्राइव्ह चालवायला शिकवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड छापून घेतला. तो सगळ्यांना खुला असतो. संध्याकाळी कारेगावच्या कंपनीतून घरी येताना जीपमध्ये वाचला. शेजारी बसलेल्या मावशी, "परीक्षा हाय व्हय?" व्हय म्हटलं.

१३ मार्च
सापडलं. बहुतेक. ड्रायव्हर डिस्कला हाक मारतो नि ठरावीक आकडे मोजेपर्यंत थांबतो. जुनी मशिन सावकाश मोजायची. नवी भराभर मोजते, डिस्कनं ओ द्यायच्या आत पुढं. आकडे नकोत, घड्याळ बघून थांबायचं. नऊ ओळी.

१४ मार्च, दौंड
पुन्हा गप्प. एका जागी जुनं मोजणं तसंच राहिलेलं. ते बदललं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, परत तयार व्हायला अडीच तास. आप्पा खुर्ची सोडेनात, भाकरी तिथंच खाल्ली.
मग फाइलींची नावं सरसर आली. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ.
सगळं दोन सीड्यांवर उतरवलं.

१९ मार्च, शिरूर
पॅच, म्हणजे त्या बदललेल्या ओळी, पाठवला होता, उत्तर आलं. हा ड्रायव्हर सांभाळणारे परदेशातले गृहस्थ. बदल घेतलाय. लिहितात, माझ्याकडचा ड्राइव्ह केव्हाच बंद पडला, तपासायला काही उरलं नाही. यापुढं तुम्ही सांभाळाल का?

२१ मार्च, दौंड
ते पत्र आप्पांना मराठीत सांगितलं.
"किती वरीस करायचं?"
"वापरणारं कुणी आहे तोवर."
"आपलं तर सीडीवर आलं."
"हो ना. आपल्याला आता गरज नाही."
आप्पा म्हणाले, "आसंल की कुनीतरी आजून. आपल्यावानी."
घर, कंपनी, त्यात हे. जमेल? उत्तर लिहायला घेतलं, दोन ओळींवर अडलंय. आप्पांनी खुर्ची जवळ ओढली.
"ते ऱ्हाऊ दे जरा. इंजनाच्या इंजेक्टरच्या पानात माझी येक चूक झालीय. मी सांगतो, तू लिव्ह."