पेले कोण विसळणार

अमरावती
मंगळवार, १ मार्च १९३८

प्रिय जमुना,

पाकिटाची जाडी पाहूनच तू दचकली असशील. आजवर माझं तुला आलेलं सगळ्यात मोठं पत्र म्हणजे अर्धं पोस्टकार्ड. तुझा बाप बोलणारा माणूस. लिहिण्याचं काम तुझ्या आईचं, आणि खाली सही तेवढी माझी. आज मात्र मीच लिहितो आहे. तू हे वॉर्डात उभ्या उभ्या वाचू नकोस. ड्यूटी संपली की खोलीचं दार लावून बस आणि मग वाच.

आधी घरचं सांगतो. ऊन आतापासूनच चढलं आहे. आईचे गुडघे तसेच आहेत, खाली बसली की उठायला खाटेचा आधार लागतो. ती माझ्यावर रागावली आहे. मी माझं ताट आणि तो कडेला पोचा आलेला पितळी पेला स्वयंपाकघरातून उचलून पडवीतल्या कोनाड्यात ठेवला आहे. जेवतोही तिथेच, आणि भांडी माझी मीच धुतो. तिने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून म्हणाली, "जन्मभर लोकायचं सोवळं मोडलं, न् आता म्हातारपणी तुमाले सोवळं सुचून राहिलं काय?" मी हसलो. उत्तर दिलं नाही. नवरा उत्तर देत नाही याचाच तिला जास्त राग आला, कारण असं तिच्या संसारात कधी घडलेलं नाही.

आता आपल्या ख्रिस्ती मंडळाचं. येत्या रविवारी अकोल्याला कार्यकारी मंडळाची बैठक आहे आणि तिच्यात प्रभुभोजनाच्या सामाईक कटोऱ्याचा निकाल लागणार आहे, हे तुला कळलं असेलच. तुलाही साक्षीला बोलावलं आहे. सरचिटणीस म्हणून त्या बोलावण्यावर माझीच सही आहे.

तुला सगळं आठवत नसेल. मंडळ निघालं तेव्हा तू शाळेत होतीस. वऱ्हाडात चार मिशनं, आणि चौघांचं एकमेकांशी बोलणं नाही. एक म्हणे, नदीत पुरता बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा खरा नाही. दुसरं म्हणे, कपाळावर ओंजळभर पाणी पुरतं. मी पहिल्याच सभेत म्हणालो की चैत्र-वैशाखात आपल्या वऱ्हाडात दोन्हींना पाणी मिळत नाही, तेव्हा भांडण निदान मृगापर्यंत तहकूब ठेवा. गोरे साहेबही हसले. त्या हशात मंडळ जन्मलं. अध्यक्ष साहेब झाले, सरचिटणीस देशी माणूस असावा असं ठरलं, आणि एका मिशनशाळेच्या मास्तराच्या गळ्यात ते पद पडलं. मी अकोट, अंजनगाव, वलगाव, मिळेल त्या बैलांच्या दमणीने, मिळेल त्या मोटारीने पालथं घातलं. चार मंडळ्यांना एका मेजाशी आणायला मला नऊ वर्षं लागली.

आणि मेजावर ठेवायचं काय? प्रत्येक मिशनचा कटोरा वेगळा, प्रत्येकाला आपलाच हवा. म्हणून मी घराघरांतून फुटकी भांडी मागितली. तुझ्या महादेवकाकाने गळका गडवा दिला. कोणी वाटी दिली, कोणी परातीचा तुकडा. मांगवाड्यातल्या मनकर्णाबाईने आपल्या सासूची चेपलेली काशाची वाटी आणून दिली आणि विचारलं, "हे चालन का मास्तर? हे आमच्या घरची हाये." अमरावतीच्या कासाराने सगळं एका मुशीत वितळवलं आणि कटोरा घडवला. तो काही सुबक नाही, जरा एका अंगाला कलतो. आईने मनुका उकळून रस केला, आणि त्या दिवशी चार मंडळ्यांचे लोक एकामागून एक त्याला ओठ लावून गेले. माळी होते, कुणबी होते, महार होते, मांग होते. मी सरचिटणीस, म्हणून सगळ्यांच्या शेवटी प्यायचा, तळाशी उरेल तेवढा. माझ्या पुढे मनकर्णाबाई असायची, कारण ती जन्मभर शेवटीच उभी राहायला शिकलेली. एकदा तिने कटोरा माझ्या हातात देता देता हळूच विचारलं, "माहं उष्टं पेऊन राहिले तुमी, घरी बाई काय म्हनन?" उपासनेत हसू नये, पण मी हसलो.

मग परदेशातल्या कोणा भल्या माणसांनी ती पेटी पाठवली. लाकडी तबकं, आणि त्यांत अंगठ्याएवढे काचेचे पेले, माणशी एक. साहेबांचा हेतू स्वच्छ होता हे मी आजही म्हणतो. त्यांना क्षयाची, तापाची भीती होती. पण पेटी उघडल्यावर आपल्याच लोकांचे चेहरे कसे उजळले ते मी पाहिलं. ज्यांच्या तोंडून कधी आरोग्याचा शब्द निघाला नव्हता, ते एकाएकी जंतूंबद्दल बोलू लागले. त्यांच्या पुढे होता महादेव, माझा सख्खा धाकटा भाऊ. आम्ही अंजनगावच्या एकाच मळ्यात वांगी-मिरच्यांना पाणी दिलं, एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. तो मला म्हणाला, "दादा, देव एकच हाये ना? मंग पेला येगळा असला त काय बिघडते?"

मी पेल्यांवर भांडलोच नसतो, जमुना. पण त्यांच्या ठरावाच्या मसुद्यात खाली आणखी एक कलम होतं. प्रत्येक वस्तीने आपलं तबक वेगळं ठेवावं आणि आपले पेले आपल्याच घरी धुवावेत. हे कलम वाचलं आणि माझ्या अंगाची आग झाली. जंतूंना घाबरणारा माणूस म्हणतो, भांडी नीट उकळा. ती कोणी धुतली हे तो विचारत नाही. ते विचारणारी भीती फार जुनी आहे, ती आपण येताना गावातूनच बांधून आणली. कोणी मध्यम मार्ग काढला की कटोऱ्यातून सगळ्यांच्या ओंजळीत वरून ओतावं, ही देशी रीत आहे. मनकर्णाबाईची सून सुभद्रा मागे बसली होती. ती उठून एवढंच म्हणाली, "वरून ओतलेलं पानी आमी जलमभर पेलो. त्याच्यासाठी ख्रिस्ती कायले झालो?" नंतर मी दोन तास बोललो. लोक त्या भाषणाची आठवण अजून काढतात. पण खरं भाषण तिचं होतं.

तेव्हा ठराव पडला. त्यांनी पुन्हा आणला तो तुझं पत्रक हाती लागल्यावर. थुंकी, खोकला आणि सामाईक भांडी यांवर अकोल्याच्या तुझ्या दवाखान्यासाठी तू लिहिलेलं ते दोन पानी पत्रक. महादेवने ते बैठकीत वाचलं आणि शेवटी तुझं नाव ठासून घेतलं, "सिस्टर जमुना, आमच्या मास्तरायचीच पोरगी." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पत्रक मागून घेतलं, तिथेच पुन्हा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. चांगलं लिहिलं आहेस. आजवर तुला हे सांगितलं नव्हतं.

नाताळात तू आलीस तेव्हा आपण मनकर्णाबाईवरून भांडलो. ती तेव्हा खोकत होती, पदरावर रक्त पडत होतं. तू मला म्हणालीस, बाबा, तिला दवाखान्यात आणा आणि तिच्या मागून पिणं बंद करा. मी तिला अकोल्याला पाठवलं, खाट मिळाली, तू तिची शेवटपर्यंत शुश्रूषा केलीस. पण ती अकोल्याला जायच्या आधीच्या रविवारी कटोऱ्याशी आली. सगळी मंडळी पाहत होती. ती मागे सरू लागली. मी तिला थांबवलं, कटोरा तिच्या ओठांना लावला, आणि मग स्वतः प्यायलो. तू पुढच्या बाकावर होतीस. उपासना संपल्यावर तू माझ्याशी न बोलता स्टेशनवर गेलीस. त्या वेळी मला वाटलं की तू माझी बाजू सोडलीस. आता तसं वाटत नाही. आपण दोघं दोन खऱ्या गोष्टी धरून उभे होतो, आणि त्या एका हातात मावत नव्हत्या.

महिन्यापूर्वी वलगावला बोलताना माझा आवाज फाटला. धुळीमुळे असेल म्हणालो. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला. मी आईला न सांगता थुंकी तपासून घेतली. तू नर्स आहेस, पुढचं तुला लिहून सांगायला नको. माझा पेला पडवीत का आहे हे आता तुला कळलं असेल. ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मी कटोऱ्याला ओठ लावलेला नाही. एक समाधान आहे की मी नेहमी शेवटचा होतो, माझ्यामागून कोणी प्यायलं नाही. हे पत्र टपालात टाकलं की आईला सांगणार आहे. तिलाही तपासून घ्यावं लागेल, आणि त्याची मला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते.

लोक काय म्हणतील ते मी इथे बसून ऐकू शकतो. मास्तरांना मांगिणीचं उष्टं बाधलं. एवढं एक वाक्य वऱ्हाडभर फिरलं की माझ्या नऊ वर्षांची माती. रविवारी तुला विचारतील की रोग कटोऱ्यातून पसरू शकतो का. तू हो म्हण. माझ्याकडे पाहून अडखळू नकोस. विचारतील की तुझ्या बापाला तो तिथूनच लागला का. तेव्हा माहीत नाही असं म्हण, कारण तेही खरं आहे. तीस वर्षं मी कोंदट वर्गांत, मोटारींत, मरणाऱ्यांच्या उशाशी बसलो आहे. कोणाच्या श्वासातून काय आलं याचा हिशेब परमेश्वराजवळ असेल, महादेवजवळ नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. डॉक्टरांनी माझं बोलणं बंद केलं आहे. घरातसुद्धा हळू बोलायचं, सभेत तर नाहीच. म्हणजे रविवारी मी बैठकीत मुका बसणार, दाराशी, उघड्या हवेत. सोबतच्या कागदावर माझा शेवटचा ठराव आणि खाली आजाराचं कारण देऊन राजीनामा आहे. तो तू वाचून दाखव. पेले येऊ देत असं मी त्यात लिहिलं आहे. ते पाहून महादेवला हर्ष होईल, त्याला पुढचं वाचेपर्यंत होऊ दे. चारही मंडळ्यांचे सगळे पेले एकाच घमेल्यात, एकाच पाण्यात उकळावेत. प्रत्येक घराने पाळीने ते विसळावेत. आणि पहिली पाळी सरचिटणिसाच्या घराची.

माझा ठराव मंजूर होणार नाही, त्यांचा होईल. माणसं मोजायची मला सवय आहे, मला दिसतंय ते. कदाचित मंडळही त्याच दिवशी मोडेल. तरी बैठकीनंतर प्रभुभोजन होईल, पेल्यांतूनच होईल, आणि नंतर जो तो आपलं तबक उचलून चालू लागेल. त्याच्या आधी तू तिथल्याच अंगणात चूल पेटवून घमेलं चढव. तुझ्या आईचे गुडघे वाकत नाहीत. माझे हात त्या पाण्याजवळ येऊ नयेत. आपल्या घरात उरलीस तू. उकळत्या पाण्याशी बस, आणि कोण आपले पेले आणून त्यात टाकतं ते सगळ्यांना पाहू दे. सुभद्रा येईल. महादेव येईल असं वाटत नाही, पण त्याच्यासाठी जागा ठेव. कोणाला बोलावू नकोस, समजावू नकोस. बोलणं आपल्या घरात पुष्कळ झालं.

तुझाच,
बाबा