रडलंच नाही

२ जून
पोचले एकदाची. बसमधून उतरताना बॅगेचा पट्टा तुटला आणि सर्वेक्षणाचे कागद स्टँडभर पसरले. ते गोळा करायला जी बाई धावली, तीच माझी घरमालकीण निघाली. दवाखान्यात सुईण होती, आता निवृत्त झाली, पण गल्लीतली बाळंतपणं अजून तीच करते. सगळे तिला मावशी म्हणतात. मीही लगेच म्हणायला लागले.

मला माडीवरची खोली मिळाली. खाली मावशी, तिचा वेल्डर मुलगा आणि सून राहतात. सुनेचे दिवस भरत आलेत. मी तिला वहिनी म्हटलं तर पाहुण्यासारखी लाजली. घरोघर फिरून आया नि लेकरांची माहिती घ्यायची, एवढंच माझं काम, असं मी सांगितलं. मावशीने तिथल्या तिथे माझं नाव ठेवलं, आकडेबाई. चिकटणार असं दिसतंय.

५ जून
मावशी सोबत येते म्हणून दारं उघडतात, नाहीतर मला कोण उभं करणार? किती बाळंतपणं, किती मुलं हयात, लस टोचली का, असे प्रश्न विचारायचे. मग पोराला झोळीत टाकून वजनकाट्याला लटकवायचं. एकाने झोळीतूनच माझ्यावर धार सोडली. मावशी हसून हसून बेजार झाली.

पोरं गुटगुटीत आहेत, आया मात्र काडीसारख्या. आणि लहान मुली जवळजवळ दिसतच नाहीत. गल्ली लहान असली की आकडे कसेही झुकतात, असं आम्हाला शिकवलंय. पण मूल गेलेलं असलं की प्रत्येक बाई मावशीकडे बघून एकच वाक्य म्हणते, रडलंच नाही. शब्दही तेच.

९ जून
मावशीचा गुडघा धरला होता, म्हणून एकटीच गेले. कोपऱ्यावरच्या शिलाईवालीने मशीन चालू ठेवूनच सांगितलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"रडली. चांगली खणखणीत रडली. सासूने माझे पाय धरले, मावशीने पोरीच्या तोंडावर ओला टॉवेल दाबला."

पोलिसांत सांगशील का, असं मी विचारलं. तिने उलट विचारलं, ताई, तुम्ही त्यानंतर इथे राहणार का? मी वही मिटली.

जेवताना न राहवून मी मावशीला म्हटलं, इथली इतकी बाळं रडत का नाहीत? कुणाचं नाव घेतलं नाही. तिने मला आणखी एक भाकरी वाढली आणि आज कुठल्या घरी गेले होते ते सहज विचारलं. मी सांगितलं. अक्कल गहाण टाकल्यासारखं सांगून टाकलं.

११ जून
शिलाईवालीचा जबडा मोडलाय. फडक्याने बांधलाय. उजव्या हाताची बोटं मशीनच्या सुईखाली धरून चाक फिरवलंय. नखांतून दोरा अजून लोंबतो आहे. नवरा म्हणतो, जिन्यावरून पडली. त्यांच्या घराला जिनाच नाही.

ऑफिसला फोन केला. साहेब म्हणाले, आपण माहिती घेणारे, भांडणं सोडवणारे नव्हे. मग पोलिसांना कळवलं. हवालदार आला, खाली बसून चहा प्यायला. त्याचा मुलगा मावशीच्याच हातचा. जाताना मला सांगून गेला, मावशींना त्रास देऊ नका.

१३ जून
वेल्डर वर आला. चप्पल दाराबाहेर काढून आत आला. माझा फोन खिडकीत ठेवला आणि हातोडीने फोडला. मग माझा डावा हात तिथेच पसरवला. करंगळीचं हाड आधी पांढरं दिसलं, रक्त नंतर आलं.

उजवा शाबूत ठेवला. म्हणाला, काम पुरं कर. चांगले आकडे लिही.

खाली बाहेर जायच्या दाराला कुलूप आहे.

१४ जून
वहिनी ताट घेऊन आली. ताट ठेवता ठेवता भराभर बोलली. आधीच्या दोन्ही मुली. दोन्ही रडल्या होत्या. कळा सुरू झाल्या की मी वर येईन, म्हणाली. मग दार उघडू नका. मी ओरडले तरी उघडू नका.

१६ जून, दुपार
आली. जिन्यात नवऱ्याने गज घातला कमरेत, तरी आली. चार पायांवर, रांगत. कडी लावली. कपाट ढकललं, पलंग ढकलला. हात सुजलाय, पकड येत नाही —

मूल झालं. मुलगी. बुटाच्या नाडीने नाळ बांधली, कात्रीने कापली. रडते आहे. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं.

हातोडी दारावर. वरची फळी गेली. त्याचा हात मनगटापर्यंत आत आला, मी त्यात कात्री खुपसली. ओरडला. पुन्हा खुपसली. मला बरं वाटलं — हेही लिहून ठेवते.

खिडकीतून हाका मारल्या. समोरच्या बायकांनी पडदे ओढले.

हातोडी थांबली.

वहिनीचं रक्त थांबत नाही. चादर भिजली, गादी भिजली, आता खाली ठिबकतंय. मला काही येत नाही. मला फक्त विचारता येतं —

दाराशी मावशी. आवाज अगदी मऊ. म्हणते, रक्ताचा वास येतोय मला, नाळेमागची वार अडकलीय आत. हात घालून काढावी लागते. मला येतं. आणखी कुणाला येत नाही इथे. उघड, पोरी, नाहीतर जाईल ती.

खरं बोलते आहे. हे तरी खरं आहे.

वहिनी मान हलवते. नको. पोरीला माझ्याकडे सरकवते. तिचे ओठ पांढरे —

मावशी म्हणते, एक तरी वाचव.

वहिनीची बोटं गार पडली. डोळे माझ्यावरच. नको, नको — आता मानही हलत नाही, नुसते डोळे —

दारापुढून कपाट बाजूला ओढते आहे, जड आहे, एका हाताने —