आर्लिसच्या हातमोज्यांवरील विक्रीकर

मी, व्हर्नन ऑस्टबी, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, फर्गस फॉल्स येथील धान्य सहकारी संस्थेचा मुख्य हिशेबनीस. धाकटी बहीण आर्लिस हिच्या ऑनलाइन दुकानाचा विक्रीकर मी मार्गी लावणार आहे. पुढे कोणाच्या चुकीचे खापर भलत्याच्या माथी फुटू नये, एवढ्यासाठी ही नोंद.

४ नोव्हेंबर. आर्लिस जुन्या स्वेटरांचे लोकरी हातमोजे शिवून एका मोठ्या वेबसाइटच्या बाजारात विकते. नवरा रॉजर गेल्यापासून घर त्यावरच चालते. कर कोण भरतो, असे विचारले. म्हणाली, वेबसाइटच कापून घेते, वाटतं. ‘वाटतं’ हा शब्द हिशेबात बसत नाही. प्रत्येक राज्याचा दर निराळा. तिला बजावले: प्रत्येक गिऱ्हाइकाला निरोप धाडून कर वेगळा मागव. कॉफी ओतत म्हणाली, बरं, तू म्हणतोस तर. ही संमती समजतो.

११ नोव्हेंबर. टेक्ससच्या एका बाईचे उत्तर: कर पैसे भरतानाच कापला की, आता दुसऱ्यांदा कसला मागता, थंडीचा? लोकांत करविषयक अज्ञान फार.

१९ नोव्हेंबर. गिऱ्हाइकांकडे परस्पर पैसे मागितल्याबद्दल वेबसाइटने आर्लिसचे दुकान बंद केले. नाताळ संपेपर्यंत उघडणार नाही. वर्षाची निम्मी विक्री याच दिवसांतली. आर्लिस म्हणाली, होतं असं कधीकधी, केक घे ना अजून. घेतला.

२० नोव्हेंबर, दुपार. कर खात्याचे नियम मुळापासून वाचले. (आधी वाचायचे होते, परंतु कापणीचा हंगाम होता.) अशा बाजारातील विक्रीवरचा कर गोळा करून भरण्याची जबाबदारी बाजार चालवणाऱ्याचीच. शिवाय हातमोजे म्हणजे कपडे, आणि आमच्या मिनेसोटात कपड्यांवर विक्रीकरच नाही. उद्या तिला सांगणार.

२१ नोव्हेंबर. बर्फ. गेलो नाही.

२४ नोव्हेंबर. चर्चच्या जेवणाला भेटली. चारचौघांत विषय काढणे प्रशस्त नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरल्याचे तिनेच सांगितले. ऊब तरी असते तिथे, म्हणाली. मी दुसऱ्यांदा वाढून घेतले ते केवळ स्वयंपाकिणींचा अवमान नको म्हणून.

३० नोव्हेंबर. सगळे सांगितले. शिवण न थांबवता आर्लिस म्हणाली, माहीत होतं रे, पहिल्याच पानावर लिहिलंय वेबसाइटवाल्यांनी. मग निरोप का धाडलेस? तर म्हणाली, रॉजरच्या मातीनंतर तू पहिल्यांदाच येऊन बसला होतास, किती रंगून समजावत होतास. चुकतोयस म्हटलं असतं, तर पुन्हा फिरकला नसतास.
संकल्प: यापुढे दर रविवारी, काहीही काम नसताना, तिच्याकडे जाणे.

१ डिसेंबर, रविवार. गेलो. काम नसताना काय बोलतात ते सुचेना. शेवटी शाळेच्या पगारावरचा आयकर अंधार पडेपर्यंत समजावला. ती माझा कप भरत राहिली. सांगितले ते बहुतेक बरोबर असावे.

व्हर्नन ऑस्टबी
फर्गस फॉल्स, मिनेसोटा
१ डिसेंबर २०२४